आरोपीला विचारायचं राहिलं

माझी पत्नी सुनीता मंगळवारी सकाळी दहा वाजता मिरजेच्या हॉस्पिटलमध्ये वारली. त्या दिवशी सांगलीच्या सेशन कोर्टात माझी तीन कामं होती. क्लार्कने तिन्हींत पुढच्या तारखा घेतल्या. सोळाव्या दिवशी मी पुन्हा कोर्टात गेलो.

घरात थांबण्याचं कारण उरलं नव्हतं, म्हणून गेलो. साताऱ्याची बहीण तेराव्यानंतर दोन दिवस राहिली आणि परत गेली. माधवनगरच्या घरात दोन खोल्या पुस्तकांच्या आहेत. सुनीता शाळेत ग्रंथपाल होती. आम्ही दोघंही कमी बोलणारे. संध्याकाळी समोरासमोर बसून आपापलं वाचायचो. ती गेल्यावर मला पान उलटल्याचा आवाज मोठा वाटू लागला. मग वाचणं बंद झालं.

बोर्डावर, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या कामांच्या यादीत, चौथ्या नंबरला सुखदेवची केस होती. आरोप बायकोच्या खुनाचा. तीन वर्षं तो सांगलीच्या जेलमध्ये होता. जामीन दोनदा नाकारलेला. मी त्याचा सरकारने दिलेला वकील. ज्याला वकील करणं परवडत नाही त्याला तो फुकट मिळण्याचा अधिकार आहे, आणि विधी सेवेच्या पॅनेलवरून अशा केसेस आमच्याकडे येतात. साक्षीदार सगळे तपासून झाले होते. आता स्टेज होती तीनशे तेराची.

हे तीनशे तेरा म्हणजे काय ते सांगतो. सरकार पक्षाचा पुरावा संपला की जज स्वतः आरोपीला प्रश्न विचारतात. तुमच्याविरुद्ध अमुक साक्षीदार अमुक बोलला, तुम्हाला काय सांगायचं आहे? आरोपीला शपथ दिली जात नाही. त्याने उत्तर दिलं नाही तरी शिक्षा नाही. कारण स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कुणावरही करता येत नाही, असं राज्यघटनेचं विसावं कलम सांगतं. पण त्याला बोलायचं असेल तर कोर्टाने ऐकलंच पाहिजे. अख्ख्या खटल्यात आरोपी आणि जज थेट बोलतात ती बहुधा हीच एक वेळ. नव्या कायद्यात कलमाचा आकडा बदलला आहे. ही केस जुन्या कायद्यातली होती, आणि आम्ही तोंडाने अजून तीनशे तेराच म्हणतो.

पुस्तकात हे असं आहे. कोर्टात काय होतं, तर प्रश्नांची यादी आदल्या दिवशी वकिलांना मिळते. वकील आरोपीला व्हरांड्यात गाठतात आणि सांगतात, ‘‘सगळ्याला खोटं आहे म्हणायचं.’’ पाच-पन्नास प्रश्न वीस मिनिटांत संपतात. तेहतीस वर्षांत मीही हेच केलं. त्या दिवशीही केलं. सुखदेवच्या केसमध्ये एकेचाळीस प्रश्न होते. ती यादी मी वाचली नव्हती. क्लार्कने प्रत्येक प्रश्नापुढे पेन्सिलीने ‘खोटे आहे’ लिहून ठेवलं होतं.

केस थोडक्यात अशी. सुखदेव मिरज तालुक्याच्या पूर्व भागातला. दुसऱ्यांच्या द्राक्षबागांवर औषध फवारायला मजुरीने जायचा. एका दुपारी त्याची बायको शोभा हिच्या पोटात ते विषारी औषध गेलं आणि संध्याकाळी ती वारली. सकाळी दोघांचं भांडण झालं होतं. शेजारच्या हौसाबाईंनी दारातून पाहिलं की सुखदेव बायकोला भिंतीशी दाबून बसला आहे आणि त्याची बोटं तिच्या तोंडात आहेत. अटकेनंतर डॉक्टरांनी तपासलं तेव्हा त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर दातांच्या खुणा होत्या. सरकार पक्षाचं म्हणणं, त्याने जबरदस्तीने विष पाजलं आणि ती चावली.

आमचा बचाव असा होता की सुखदेव तेव्हा घरी नव्हताच, शेतात होता. हौसाबाईंच्या उलटतपासात मी तसंच सुचवलं होतं. ‘‘तुम्ही काही पाहिलंच नाही, मयताच्या भावाच्या सांगण्यावरून खोटं बोलताय.’’ त्या म्हणाल्या होत्या, ‘‘मी कशाला खोटं बोलू? मला काय त्येचं?’’ मी खाली बसलो होतो.

सुखदेवला पिंजऱ्यात उभं केलं. जज मॅडम पन्नाशीच्या, भराभर काम करणाऱ्या. त्यांनी पहिला प्रश्न वाचला.

‘‘मयत शोभा ही तुमची पत्नी होती. याबाबत काय सांगायचंय?’’

सुखदेवने माझ्याकडे पाहिलं. मी सवयीने मान हलवली, म्हणजे सांगितलंय तसं बोल. तो बोलला नाही.

‘‘ऐकू येतंय ना? मयत ही तुमची पत्नी होती का?’’

‘‘व्हय साहेब,’’ तो म्हणाला. ‘‘माझीच बायकू.’’ आणि पुन्हा माझ्याकडे बघून हळू म्हणाला, ‘‘हे कसं खोटं म्हणू?’’

कोर्टात दोघेतिघे हसले. स्टेनोने माझ्याकडे पाहिलं. मी हातातला कागद पाहिला. पहिल्या प्रश्नापुढे पेन्सिलीने लिहिलं होतं, खोटे आहे. आदल्या दिवशी मी महापालिकेत सुनीताच्या मृत्यूच्या दाखल्याचा फॉर्म भरला होता. त्यात एक रकाना होता, मयत व्यक्तीशी नाते. ‘पती’ हा एक शब्द लिहायला मला बराच वेळ लागला होता. आणि या माणसाकडून मी तेच नातं नाकारून घ्यायला निघालो होतो.

मॅडमनी पुढचे प्रश्न घेतले. सुखदेव आता शिकवल्याप्रमाणे उत्तरं देऊ लागला. भांडण झालं? खोटं हाय. बाटली तुमच्या घरात मिळाली? खोटं हाय. मग सतरावा प्रश्न आला.

‘‘डॉक्टरांच्या साक्षीप्रमाणे तुमच्या उजव्या हाताच्या बोटांवर दातांच्या खुणा होत्या. काय सांगायचंय?’’

तो बोटं बघत राहिला.

‘‘खोटं आहे का?’’

‘‘खुणा हुत्या. पण त्ये तसं न्हाई, साहेब.’’

मी उठलो. ‘‘मॅडम, मला आरोपीशी बोलायला थोडा वेळ हवाय.’’

‘‘वकीलसाहेब, तीन वर्षं केस चालली. आरोपीशी बोलायला आत्ता वेळ पाहिजे?’’

‘‘हो. चूक माझी आहे.’’

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. माझ्या घरी काय झालं ते त्यांना ठाऊक असावं. ‘‘जेवणाच्या सुट्टीनंतर. पावणेतीनला बोर्डवर घेते. त्यापुढे एक मिनिट नाही.’’

मागच्या व्हरांड्यात बाकावर सुखदेवला बसवलं. त्याच्या कमरेच्या दोरीचं टोक पोलिसाच्या हातात. सुखदेवचा थोरला भाऊ आबा धावत आला. पहिल्या दिवसापासून केसचं सगळं आबाच बघत होता. ऑफिसला तोच यायचा, कागद तोच आणायचा, आणि जेलच्या मुलाखतीलाही माझ्यासोबत तोच असायचा.

‘‘आवं वकीलसाहेब, त्येला काय इचारताय? बावळट हाय त्यो. मी सांगतो की.’’

‘‘आबा, तुम्ही जरा बाहेर थांबा.’’

‘‘मी? भाऊ हाय मी त्येचा.’’

‘‘म्हणूनच. वकील आणि आरोपी यांचं बोलणं दोघांतच व्हायला पाहिजे.’’

‘‘तीन वरसं कुठं हुता ह्यो कायदा?’’ आबा म्हणाला. त्याचं बरोबर होतं. तो पाय आपटत निघून गेला.

मग पोलिसाला म्हणालो, ‘‘हवालदार, तुम्हालाही जरा लांब जावं लागेल. तुम्हाला दिसलं पाहिजे, ऐकू येता कामा नये. असा नियम आहे.’’

‘‘लांब जातो, पर दोरी कुणाकडं दिऊ? तुमच्याकडं?’’

‘‘दोरी राहू द्या हातात.’’

‘‘मग कान झाकून बसतो की साहेब. न्हाई तरी मला काय करायचंय ऐकून? घरचंच ऐकून कान किटल्यात.’’ असं म्हणत तो दोरी पुरेल तितका लांब गेला आणि खरोखरच पाठ फिरवून बसला.

मी सुखदेवला विचारलं, ‘‘त्या दिवशी काय झालं?’’

तीन वर्षांत हा प्रश्न मी त्याला एकट्याला पहिल्यांदाच विचारत होतो.

त्याने सांगितलं. बागेवरचं उरलेलं थोडं औषध त्याने घरी आणलं होतं, घरामागच्या परड्यातल्या वांग्यांवर मारायला. डबा मालकाला परत द्यायचा होता, म्हणून ते थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतलं आणि फळीवर ठेवलं. दुपारी शोभा शेतातली तणाची भांगलण करून आली. उन्हाची तहानलेली. तिने बाटली उचलली आणि घोट घेतला. तो बाहेर कट्ट्यावर होता. तिच्या ओरडण्याने आत गेला.

‘‘मीठ कालवलं तांब्यात आन् पाजलं. ती घेत न्हवती. मग बोटं घातली घशात. वकून काढायला. दात लागलं तिचं. जीपमधनं मिरजंला न्हेलं मीच. वाटंत माझ्याच मांडीवर हुती.’’

इथे एक सांगायला हवं. अशा विषात उलटी करवू नये, ताबडतोब दवाखाना गाठावा, असं डॉक्टर सांगतात. पण आमच्या भागात कुणी औषध प्यायलं की मिठाचं पाणी आणि बोटं, हेच आधी सुचतं. सुखदेवने कुणीही केलं असतं तेच केलं होतं.

‘‘हे पोलिसांना का नाही सांगितलं?’’

‘‘त्यांनी इचारलं, पाजलंस का? मी म्हनलं, न्हाई. मग मारलं.’’

‘‘मला का नाही सांगितलं?’’

तो खाली बघून म्हणाला, ‘‘तुमी इचारलं कवा? आबांनी सांगितलं, तुमी लिवून घेतलं.’’

‘‘आबांनी सांगितलं की तू शेतात होतास. तू शेजारीच होतास की मुलाखतीला. मध्ये बोलायचंस.’’

‘‘थोरला बोलत असताना मधी कसं बोलायचं, साहेब?’’

हा माणूस जन्मठेपेच्या दारात उभा होता आणि थोरल्या भावाच्या बोलण्यात त्याने तोंड घातलं नव्हतं. आबाचाही हेतू वाईट नव्हता. गावात कुणीतरी त्याला सांगितलं होतं की घरी नव्हता म्हटलं की माणूस सुटतो. आणि मी, घटनेची कलमं तोंडपाठ असलेला वकील, ज्याचे कपडे नीट होते आणि ज्याला बोलता येत होतं त्याचं लिहून घेतलं होतं.

‘‘आता नीट ऐक,’’ मी म्हणालो. ‘‘तुला बोलायची सक्ती नाही. जज, पोलीस, मी, कुणीही तुला बोलायला लावू शकत नाही. तू गप्प राहिलास तर तो तुझा अधिकार आहे. पण गप्प राहिलास किंवा खोटं म्हणालास, तर बोटांच्या खुणा राहतातच. मग कोर्ट म्हणेल, याने लपवलं. आणि खरं बोललास तर बाटलीत औषध तू ओतलंस हे तुझ्याच तोंडून येईल. तो निष्काळजीपणा आहे. त्याचं वेगळं कलम लागू शकतं. दोन्हीत धोका आहे. ठरवायचं तू. मीही नाही, आबाही नाही.’’

दोरी तशीच सैल पडून होती.

‘‘तीन वरसं मी ह्येच मनात घोळवतोय,’’ तो म्हणाला. ‘‘बाटलीत मीच वतलं. त्येची शिक्षा दिली तर दिऊ द्या. पर मी तिला मारायला बोटं घातली असं कागदावर ऱ्हायला नगं. तिच्या माहेरची मानसं ते वाचतील.’’

पावणेतीनला आम्ही परत उभे राहिलो. सतराव्या प्रश्नाचं उत्तर टाइप व्हायला दहा मिनिटं लागली. सुखदेव बोलला, मॅडम मध्ये मध्ये थांबवून स्टेनोला वाक्यं सांगत गेल्या. बाटलीचंही त्याने सांगितलं. सकाळी ज्यांना तो खोटं म्हणाला होता ते प्रश्न मॅडमनी त्याला पुन्हा विचारले आणि त्याने उत्तरं दुरुस्त केली. भांडण झालं होतं. ती माहेरच्या जत्रेला जायचं म्हणत होती आणि मी फवारणीचे दिवस म्हणून नाही म्हणालो, असं त्याने सांगितलं.

मागच्या बाकावरून आबा उठून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज दिला की हौसाबाईंना पुन्हा साक्षीला बोलवावं. सरकारी वकील माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. ते उसळले.

‘‘मॅडम, यांनीच साक्षीदाराला सुचवलं होतं की आरोपी घरी नव्हता. आता म्हणतात घरी होता. उद्या म्हणतील आरोपी दुसराच होता.’’

‘‘त्यांचं म्हणणं खरं आहे,’’ मी म्हणालो. ‘‘मागचा उलटतपास चुकीच्या माहितीवर झाला. माहिती मी आरोपीकडून घेतली नव्हती. वकिलाच्या चुकीची शिक्षा आरोपीला नको, एवढीच विनंती आहे.’’

असं उघड्या कोर्टात म्हणणं सोपं नव्हतं. पण त्या दिवसांत माझी अब्रूची भीती कमी झाली होती. घरी जाऊन कुणाला सांगायचं नव्हतं.

मॅडमनी अर्ज मंजूर केला. पाच प्रश्नांची परवानगी दिली.

हौसाबाई आल्या. माझ्यावरचा राग होताच.

‘‘काय, आज पण खोटारडीच म्हणनार का मला?’’

‘‘नाही बाई. आज तुम्ही खरं बोलता असंच धरून विचारतोय. सुखदेवची बोटं शोभाच्या तोंडात होती, तेव्हा तिचं तोंड कुठल्या दिशेला होतं?’’

‘‘खाली. मान खाली धरली हुती त्येनं.’’

सरकारी वकील लिहिता लिहिता थांबले. पाजायचं असेल तर मान वर करावी लागते.

‘‘जवळ काय पडलं होतं?’’

‘‘तांब्या हुता. मिठाचा डबा उपडा झालेला. सगळीकडं मीठ.’’

‘‘सुखदेव काय बोलत होता?’’

‘‘रडत हुता की. शोभे, काढ, काढ म्हनत हुता.’’

‘‘हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?’’

‘‘फौजदारानं इचारलं, बोटं तोंडात हुती का? म्हनलं व्हय. तुमी इचारलं, बघितलं का न्हाई? म्हनलं बघितलं. मिठाचं कुनी इचारलं?’’

पाचवा प्रश्न मी विचारला नाही.

संध्याकाळी घरी केसची फाइल पुन्हा उघडली. पोलिसांनी जागेचा पंचनामा केला होता, म्हणजे घरात काय काय आढळलं त्याची नोंद. त्यात अकराव्या ओळीत होतं: ‘स्टीलचा डबा, त्यात व जमिनीवर मीठ.’ हॉस्पिटलच्या कागदावर होतं: ‘पतीने आणले.’ हे दोन्ही कागद तीन वर्षं माझ्या कपाटात होते. आरोपी घरी नव्हता असं मी एकदा मनाशी धरल्यावर, कारकून सवयीने ‘पती’ लिहितात अशी मी स्वतःची समजूत घातली होती. मिठाकडे पाहिलंच नव्हतं. हे कुणाला तरी मोठ्याने सांगावंसं वाटलं. समोरची खुर्ची रिकामी होती. मी फाइल बांधली आणि दिवा बंद केला.

निकाल पाच आठवड्यांनी लागला. खुनाच्या आरोपातून सुखदेव निर्दोष. मॅडमनी लिहिलं की आरोपीचं स्पष्टीकरण हौसाबाईंची साक्ष, पंचनामा आणि हॉस्पिटलचा कागद या तिन्हींशी जुळतं. बाटलीबद्दल सरकारी वकिलांनी आग्रह धरला होता की निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची तरी शिक्षा द्यावी, आरोपी स्वतः कबूल करतो. मॅडमनी नकार दिला. तो आरोप त्याच्यावर ठेवलेला नव्हता, आणि तीनशे तेराखाली आरोपीने दिलेलं उत्तर एवढ्याच एका आधारावर त्याला दोषी धरता येत नाही. बोलण्याचा अधिकार वापरणाऱ्याच्या पायात तो अधिकार सापळा म्हणून घालता येणार नाही, अशा अर्थाचं एक वाक्य निकालात आहे. मी ते दोनदा वाचलं.

निकाल ऐकून सुखदेवने मला विचारलं, ‘‘म्हंजी बाटलीचं काय न्हाई?’’

‘‘काही नाही. तू सुटलास.’’

‘‘काहीच न्हाई?’’

त्याला सुटल्याचा आनंद झाला नाही असं मी म्हणणार नाही. पण त्याला काहीतरी शिक्षा हवी होती असं मला वाटलं. कोर्टाकडे ती नव्हती. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. आबा त्याला न्यायला आला होता. माझ्याशी तो बोलला नाही. बाहेर पडताना सुखदेव एक पाऊल मागे राहून चालत होता, थोरल्याच्या मागे.

या केसमधून मी शिकलो ते असं. आरोपीला वकील मिळायला हवा, हा अधिकार सुखदेवला मिळाला होता. तारखा मिळाल्या, प्रश्नांची यादी मिळाली, रजिस्टरमध्ये मुलाखतींच्या नोंदी आहेत. कागदावर एकही अधिकार डावललेला नव्हता. फक्त त्याला कुणी विचारलं नव्हतं. वकिलाने अशिलाला विचारावं असं घटनेत वेगळं लिहिलेलं नाही. लिहिणाऱ्यांना ते सांगावं लागेल असं वाटलं नसावं.

सुखदेव गावी आहे. फवारणीला जात नाही, वीटभट्टीवर जातो. शोभाच्या माहेरच्यांनी निकालाची नक्कल माझ्याकडून नेली. त्यांनी ती वाचली की नाही ते मला माहीत नाही.

मी आता महिन्यातले दोन शनिवार जेलमध्ये जातो. नातेवाइकांना बाहेर थांबवतो, आरोपीला एकट्याला भेटतो, आणि तो बोलायचा थांबेपर्यंत लिहीत नाही. काही जण तासभर बोलतात. घरी कुणी नसल्याने मला परतायची घाई नसते. सध्या माझ्याशी बोलणारी माणसं बहुतेक तीच आहेत.